जुना कॉम्बो ऑर्गन: हम येतोय, खर्ज पातळ झालाय. साठही कपॅसिटर बदलायचे का?

खर्जातला_सा (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी. ऑर्केस्ट्रात वाजलेला एक ट्रान्झिस्टर कॉम्बो ऑर्गन (उचलून नेता येणारा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन) टेबलावर आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटचा असावा. पुढची नावाची पट्टी निघून गेलीय, मागची पाटीही नाही, त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअल शोधायचं तरी कोणत्या नावाने? आत जपानी छपाईचे एकपदरी तपकिरी पीसीबी, म्हणजे सर्किटच्या पाट्या, आहेत. ४९ पट्ट्या, १६ फूट, ८ फूट आणि ४ फूट असे स्टॉप (आवाज निवडायची बटणं, १६ फूट सगळ्यात खर्जातला).

सप्लाय असा आहे: ट्रान्सफॉर्मर १८-०-१८, ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड), २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन फिल्टर कपॅसिटर, पुढे ७८१५ आणि ७९१५ (प्लस आणि मायनस १५ व्होल्ट स्थिर ठेवणारे रेग्युलेटर), प्रत्येकाच्या आउटपुटला १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट.

तक्रारी तीन:

१. हम, म्हणजे सतत घुंघुं आवाज. सकाळी थंड मशीन चालू केलं की जास्त, वीस-पंचवीस मिनिटांनी कमी होतो, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास परत वाढतो. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढाच.
२. १६ फुटी स्टॉपचा खालचा सप्तक अगदी पातळ. ८ आणि ४ फूट ठणठणीत.
३. मधूनच तेल तडतडल्यासारखा आवाज.

रीडिंग: प्लस लाइन १५.०३ व्होल्ट, त्यावर एसी २ मिलिव्होल्ट. मायनस लाइन १४.७ व्होल्ट, त्यावर एसी २१० मिलिव्होल्ट. मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी चिकट थर आहे, बहुतेक गळालेत. मोजले तर एकूण साठेक इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) कपॅसिटर भरतात. सगळे बदलून टाकावेत का? आणि नाशिकमध्ये चांगला माल कुठे बघावा?

---

शंभर_हर्ट्झ

साठ की सहा, ते नंतर ठरवू. तुमच्या रीडिंगमध्येच निम्मं उत्तर आहे.

व्हॉल्यूम शून्यावर असताना हम तसाच राहतो, म्हणजे तो व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात किंवा थेट सप्लायमधून शिरतोय. प्लस लाइन स्वच्छ, मायनस घाण. म्हणून पहिला संशय मायनसच्या २२०० वर. हिशोब मांडतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा फरकही सुटेल.

१८ व्होल्ट एसीचं शिखर २५.४, त्यातून एका डायोडचे ०.७ गेले, राहिले २४.७ व्होल्ट. आपल्याकडे ५० हर्ट्झ, ब्रिजनंतर १०० हर्ट्झ, म्हणजे दर १० मिलिसेकंदाला कपॅसिटर एकदा भरतो आणि मधल्या वेळात रिकामा होत जातो. करंट ०.४ अँपिअर धरला आणि कपॅसिटर खरोखर २२०० असला, तर व्होल्टेज १.८ ने खाली येतं. ७९१५ ला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे तळाला किमान १७. इथे तळ २२.९, काहीच अडचण नाही. पण तोच कपॅसिटर वाळून ६०० वर आला असेल तर घसरण ६.७ व्होल्टची होते आणि तळ येतो बरोबर १८ वर. कसाबसा निभावतो. संध्याकाळी घरोघरी लोड वाढला, घरात येणारी मेन लाइन २३० वरून २१० व्होल्टवर आली की शिखर २२.५ आणि तळ १५.८. रेग्युलेटर सेकंदाला शंभर वेळा गुडघे टेकतो. तोच तुमचा हम, आणि मीटरवर १५ ऐवजी १४.७ दिसतात ते यामुळेच.

सकाळचा हमही याच घरातला. इलेक्ट्रोलाइट थंड असला की त्याचा आतला रोध वाढतो. निफाडकडची थंडी नाशिकपर्यंत पोचते त्या दिवसांत कमजोर कपॅसिटर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उघडा पडतो, मशीन तापलं की सावरतो. चांगल्या कपॅसिटरमध्ये हा फरक कानाला कळतही नाही.

आता खात्री करायची. मीटर एसी रेंजवर ठेवून दोन्ही फिल्टर कपॅसिटरच्या टोकांवर मोजा. निरोगी बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आसपास यावं. मायनसला पावणेदोन-दोन आले तर निदान पक्कं. मात्र स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही फसतात. प्रोब उलटसुलट लावून बघा, रीडिंग बदललं तर तुमचा मीटर डीसी अडवत नाही. मग प्रोबच्या सिरीजमध्ये १ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा फिल्म (प्लास्टिकच्या पापुद्र्याचा, द्रव नसलेला) कपॅसिटर घाला आणि पुन्हा मोजा.

दुसरी खात्री समांतर कपॅसिटर लावून. प्लग काढा. जुना कपॅसिटर १०० ओहम ५ वॉटच्या सिमेंट रेझिस्टरमधून पाच सेकंद डिस्चार्ज करा, स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट मारू नका, ट्रॅक उडतो. मीटरने शून्य बघा. मग नवा २२०० / ३५ क्रोकोडाइल क्लिपने जुन्याच्या समांतर लावा आणि मगच चालू करा. चालू मशीनवर रिकामा कपॅसिटर टेकवला की ठिणगी पडते आणि ब्रिजवर झटका बसतो.

सगळ्यात जास्त चुका पुढच्या एका गोष्टीत होतात, नीट वाचा. मायनस लाइनवर कपॅसिटरचा प्लस पाय ग्राउंडला आणि मायनस पाय लाइनला जातो. डोळे झाकून "मायनस म्हणजे ग्राउंड" केलं तर कपॅसिटर उलटा बसतो, काही सेकंदांत तापतो आणि डोकं फोडतो. चष्मा लावा, पहिल्या मिनिटाला तोंड वर नेऊ नका.

हम गेला तर दोन्ही २२०० बदला. प्लसचा चांगला मोजला तरी बदला. वय एकच, उष्णता एकच, आणि मशीन उघडण्याची मेहनत दुसऱ्यांदा कशाला?

२२०० च्या जागी ३३०० चालेल. १०००० घालू नका. जास्त म्हणजे चांगलं हा इथे गैरसमज आहे. मोठा कपॅसिटर शिखराच्या टोकावरच घाईघाईने भरतो, करंटचा झटका मोठा होतो, ब्रिज आणि ट्रान्सफॉर्मर तापतात, चालू करताना फ्यूज जातो, आणि लोक मग मोठा फ्यूज घालतात. तिथून पुढे ट्रान्सफॉर्मरच जळतो.

व्होल्ट मात्र ३५ च ठेवा. २५ व्होल्टचा अंगाने लहान आणि सहज मिळतो, पण पहाटे लाइन २५० ला गेली तर शिखर २७ होतं, लोड नसेल तर आणखी वर.

---

सातपूर_बेंच

वरच्या हिशोबाला माझी सही. मी मालाबद्दल आणि त्या चिकट थराबद्दल लिहितो.

तो थर बहुतेक गळती नाही, डिंक आहे. त्या काळातल्या पीसीबीवर मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यातच पिवळसर डिंक लावलेला असायचा. वर्षानुवर्षं तापून तो गडद तपकिरी आणि ठिसूळ होतो. गळती ओळखायची तर कपॅसिटर काढल्यावर बूड बघा: रबराची बुच फुगलेली असते, पायावर हिरवट थर असतो, डाख तापवताना मासळीसारखा वास येतो. डिंकाला तसं काही नसतं. पण डिंक आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. तो काळा पडला की किंचित वीज वाहू लागतो, ओलावा धरतो आणि खालचे तांब्याचे जम्पर (जोडतारा), रेझिस्टरचे पाय खातो. बांबूची काडी टोकदार करून खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करत करत. लोखंडी पातं लावलं तर हिरवा मास्क (तांब्यावरचा संरक्षक थर) आणि ट्रॅक दोन्ही जातात.

माल घेताना:

दुकानात "एमएफडी" म्हणा, मायक्रोफॅरड म्हटलं तर पुन्हा विचारतात. १०५ अंशांचेच मागा. तेवढ्याच तासांचं आयुष्य छापलेल्या ८५ अंशांच्या आणि १०५ अंशांच्या कपॅसिटरमध्ये वीस अंशांचं अंतर आहे, आणि दर दहा अंशांना आयुष्य दुप्पट या ढोबळ नियमाने ते चौपट होतं. पैशाचा फरक काही रुपयांचा. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासोनिक, निप्पॉन केमिकॉन ही नावं बरी, आपलं केलट्रॉनही सप्लाय फिल्टरला व्यवस्थित चालतं.

नाशिकमध्ये एम. जी. रोड, वकीलवाडी भागात बघा. तिथे साधे आकडे मिळतात, पण ठरावीक सिरीज मागितली तर अडतं. मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळची दुकानं, नाहीतर सरळ ऑनलाइन अधिकृत वितरक. फिल्म कपॅसिटर तर आपल्या सातपूरलाच बनतात, एपकॉसचा म्हणजे आताच्या टीडीकेचा कारखाना इथलाच, आणि मोठे स्क्रू-टर्मिनल इलेक्ट्रोलिटिक बनवणारं अल्कॉनही इथलंच. सुटे चार नग मात्र वितरकाकडूनच घ्यायचे.

नकली माल भरपूर आहे. आणल्यावर प्रत्येक नग मोजा. २२०० चा १८०० ते २५०० मध्ये आला तर ठीक, १२०० आला तर परत करा. हातात अगदी हलका लागणारा, बाहेरची स्लीव्ह सैल फिरणारा, छपाई तिरकी असलेला नग घेऊच नका. "जुना स्टॉक, ओरिजनल जपानी" म्हणून कोणी वीस वर्षं पडून असलेला नवा कपॅसिटर देईल, तोही नको. न वापरताही आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो.

आकार: आजचा २२०० / ३५ साधारण १६ मिलिमीटर व्यासाचा आणि २५ उंचीचा मिळतो. जुना त्याच्याहून मोठा असणार. पायांमधलं अंतर जुळलं नाही तर पाय ताणून बसवू नका, बुच फाटते. पायाला काटकोनात घडी घालून स्लीव्ह चढवा, कपॅसिटर पीसीबीला टेकू द्या, आणि बाजूने सिलिकॉनचा एक ठिपका द्या. ऑर्गन गाडीतून फिरणार, रस्त्याच्या धक्क्यांनी उभा कपॅसिटर डाखेपाशी तुटतो. सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरचा वास येणारा बाथरूमवाला सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो आणि तांबं खातो.

---

एकपदरी

साठच्या साठ बदलायला माझा विरोध आहे, आणि कारण पैशाचं नाही.

हा कागद-फिनॉलिकचा एकपदरी पीसीबी आहे. चाळीसेक वर्षांनंतर तांबं आणि पाटी यांच्यातला गोंद जेमतेम धरून असतो. प्रत्येक कपॅसिटरला दोन पाय, म्हणजे १२० डाख. त्यातले पाच पॅड उचलले गेले, दोन कपॅसिटर उलटे लागले, एक डाख कोरडा राहिला, की तीन तक्रारींच्या जागी दहा होतात आणि त्यातली कोणती आधीची, कोणती तुमची, हे सांगता येत नाही. मॅन्युअल नसताना तर मुळीच नाही.

माझा क्रम असा. सप्लायचे चार आधी: दोन २२००, दोन १००. ७९१५ च्या आउटपुटचा १०० विसरू नका. ७८१५ त्याच्याशिवायही बऱ्यापैकी शांत राहतो, पण ७९१५ ला आउटपुटवर किमान १ मायक्रोफॅरड टँटलम किंवा २५ मायक्रोफॅरड ॲल्युमिनिअम लागतोच, डेटाशीटमध्येच लिहिलंय. तो वाळला की रेग्युलेटर स्वतःच उंच फ्रिक्वेन्सीवर डोलायला लागतो, आणि साध्या मीटरला ते दिसत नाही. त्यामुळे समांतर २२०० लावूनही घाण राहिली तर तोच उपाय आउटपुटवर १०० / ३५ लावून करून बघा. आणि रेग्युलेटरच बदलायची वेळ आली तर ७८१५ चे पाय डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७९१५ ची पाठ इनपुटला जोडलेली असते, अभ्रकाची चकती आणि स्क्रूभोवतीचं प्लास्टिकचं बुश घातल्याशिवाय हीट सिंकला लावला तर थेट शॉर्ट.

मग १६ फूट. तुम्ही लिहिलंय की फक्त त्याच स्टॉपचा खालचा सप्तक पातळ आहे. म्हणजे त्या स्टॉपच्या वाटेवरचा कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सूर पोचवणारा). बहुधा १ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा छोटा इलेक्ट्रोलिटिक. पुढच्या टप्प्याचा रोध १० किलोओहम धरा: १ मायक्रोफॅरड असताना १६ हर्ट्झपर्यंत सगळं जातं. तो वाळून ०.१ झाला की हीच हद्द १६० हर्ट्झला येते. १६ फुटावर सगळ्यात खालचा सा, म्हणजे सी, ३२.७ हर्ट्झचा. तो मूळ ताकदीच्या पाचव्या हिश्श्यावर येतो, वरच्या सप्तकात काही कळत नाही. तुमच्या कानाने हेच तर सांगितलंय.

त्या जागी इलेक्ट्रोलिटिक परत घालू नका, १ मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा फिल्म घाला, चौकोनी डबीसारखा, ५ मिलिमीटर पायांचा. वाळण्याचा प्रश्नच संपतो आणि पोलॅरिटीही नाही. १० मायक्रोफॅरडला फिल्म अंगाने मोठा होतो, तिथे इलेक्ट्रोलिटिकच ठीक. जुन्या कपॅसिटरवर बी.पी. किंवा एन.पी. लिहिलं असेल तर तो बिनध्रुवी आहे, साधा चालणार नाही. मिळाला नाही तर २२ / २५ चे दोन घेऊन मायनस-मायनस एकत्र जोडा, बाहेर दोन प्लस राहतील, मिळून ११ होतात.

आता हात लावायचा नाही ते. हिरवे चपटे पॉलिस्टर, पारदर्शक पॉलिस्टायरिन, सिरॅमिक चकत्या. लोक "कपॅसिटर बदलले" म्हणताना उत्साहात हेही उपटतात. बासरी, स्ट्रिंग, रीड या स्टॉपमधला फरक याच कपॅसिटरांनी बनतो आणि मास्टर ऑसिलेटरचा (मूळ सूर तयार करणाऱ्या भागाचा) सूर यांच्यावरच उभा असतो. ते वाळत नाहीत, त्यांच्यात वाळायला द्रव नाहीच. पॉलिस्टायरिन तर सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेनेच वितळतो.

टँटलमचा थेंबाच्या आकाराचा कपॅसिटर दिसला तर त्याच्यावरची पट्टी प्लस दाखवते. ॲल्युमिनिअमच्या कपॅसिटरवरची पट्टी मायनस दाखवते. या एका फरकाने खूप माल जाळलाय. टँटलम वाळत नाही, शॉर्ट होतो. १५ व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्टचा टँटलम असेल तर तो धारेवर आहे, काढा आणि ३५ व्होल्टचा घाला किंवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा ॲल्युमिनिअम.

काढण्याची रीत: आधी फोटो, प्रत्येक पाटीचा, दोन्ही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात. पीसीबीवरचं प्लसचं चिन्ह आणि प्रत्यक्ष बसलेला कपॅसिटर जुळतोय का तेही बघा, आधी कोणी उलटं लावून ठेवलेलं असू शकतं. आयर्न ३३० ते ३५० अंश, टोक चपटं. जुन्या डाखेवर थोडं नवं ६०-४० कथील सोडा, त्यातल्या फ्लक्सने जुनं मऊ होतं. मग सकर (वितळलेलं कथील ओढणारा पंप), मग ब्रेड (कथील शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी). एका पॅडवर तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. निघालं नाही तर गार होऊ द्या आणि परत या. पाय खालून वाकवलेला असेल तर तो आधी सरळ करा, मग ओढा. नव्वद टक्के पॅड इथेच उचलले जातात. कपॅसिटर हाताने फिरवून उपटणारे व्हिडिओ आहेत, या पाटीवर ते करू नका.

पॅड उचललाच तर घाबरू नका. ट्रॅकवरचा मास्क अर्धा सेंटिमीटर खरवडा, कथील चढवा आणि कपॅसिटरचा पाय वाकवून त्यावरच डाख द्या.

---

शंभर_हर्ट्झ

@एकपदरी, क्रम पटला. एकच भर घालतो: सप्लायनंतर बाकीचे न काढताच ईएसआर मीटरने, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध मोजणाऱ्या मीटरने, तपासता येतात. मशीन बंद, कपॅसिटर रिकामे, आणि प्रोब थेट पायांवर. हा मीटर फार कमी व्होल्टेजवर मोजतो म्हणून पीसीबीवरचे ट्रान्झिस्टर जागे होत नाहीत. ढोबळ अंदाज: नवा २२०० / ३५ हा ०.०५ ओहमच्या आसपास किंवा खाली, १० / १६ हा एक ते तीन ओहम. आकडा पाठ करण्यापेक्षा तेवढ्याच मायक्रोफॅरडचे पीसीबीवरचे पाच-सहा मोजा, जो कळपातून वेगळा पडतो तो काढा. दोन कपॅसिटर समांतर असतील तर चांगला वाईटाला झाकतो, शंका आली तर एक पाय सोडवून मोजा. भरलेल्या कपॅसिटरवर लावला तर मीटर जातो.

आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब. ४० किंवा ६० वॉटचा तारेचा बल्ब, एलईडी नाही. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भरभरून पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट किंवा उलटा कपॅसिटर, लगेच बंद. ऑर्गनच्या पाट्यांचे कनेक्टर सोडून आधी नुसता सप्लाय बघा. मग सिरीज बल्ब काढून, कनेक्टर लावून लाइन परत मोजा, बल्ब लावलेला असताना लोडवरची रीडिंग खरी येत नाहीत.

---

चांदवडकर_कीज

मध्येच विचारतो, माझा सिंथ (सिंथेसायझर) १०० व्होल्टचा जपानी आहे, त्यालाही हेच लागू का?

---

सातपूर_बेंच

आतला भाग तोच. फक्त स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर २३० ते १०० घ्या. बाजारात ११० चे जास्त मिळतात, त्यावर सगळं दहा टक्के वर चालतं आणि रेग्युलेटर-कपॅसिटर दोन्ही जास्त तापतात. स्विचजवळ मेनवर कपॅसिटर असेल तर त्याच्या जागी एक्स-२ (मेनवर लावण्यासाठीचा सुरक्षा दर्जा) छाप असलेलाच. ४०० व्होल्ट डीसीचा साधा फिल्म तिथे चालत नाही, खराब होताना तो पेटू शकतो. आणि सिंथमध्ये प्रोग्रॅम साठवायची बॅटरी असेल तर कपॅसिटरच्याही आधी ती बघा. कॉर्ग कंपनीच्या पॉलिसिक्स सिंथसारख्या मशीनमध्ये पाटीवरची निकेल-कॅडमिअम बॅटरी गळून ट्रॅक खाते. ती गळती अल्कलीची असते, पातळ व्हिनेगरने पुसा, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल.

---

खर्जातला_सा

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडे देतो.

मायनसचा २२०० काढून मोजला: ५४० मायक्रोफॅरड, ईएसआर १.४ ओहम. प्लसचा १७२०. दोन्ही बदलले, रेग्युलेटरचे दोन्ही १०० सुद्धा. आता मायनस लाइन १५.०४, एसी २ मिलिव्होल्ट. काल संध्याकाळी लाइन २१२ असताना हम अजिबात नाही.

१६ फुटाच्या वाटेवर १ मायक्रोफॅरडचे दोन होते, एक ०.०८ आणि दुसरा ०.३ निघाला. दोन्ही जागी फिल्म घातले. खालचा सा आता टेबल हलवतो.

ईएसआरने बाकीचे तपासले, कळपातून सात वेगळे पडले, ते बदलले. बाकी तसेच ठेवले. एक पॅड उचलला गेला, सांगितलं तसं ट्रॅकवर डाख दिला.

तडतड मात्र आहे. सगळ्या स्टॉपवर, व्हॉल्यूम शून्यावर बंद होते. चालू केल्यावर साधारण दहा मिनिटांनी सुरू होते.

---

एकपदरी

व्हॉल्यूमने बंद होते म्हणजे उगम व्हॉल्यूमच्या आधी, आणि सगळ्या स्टॉपवर आहे म्हणजे स्टॉप एकत्र येतात त्याच्या पुढे. मधला तुकडा लहान आहे. १० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा एक कपॅसिटर घ्या, मायनस पाय क्लिपने ग्राउंडला, प्लस पायाला प्रोब. व्हॉल्यूम चढा ठेवा आणि त्या तुकड्यातल्या प्रत्येक टप्प्याच्या इनपुटवर टेकवत शेवटाकडून मागे सरका. टेकवल्यावर तडतड थांबली तर दोष त्या बिंदूच्या मागे. चालूच राहिली तर पुढे. जिथे उत्तर बदलतं, त्या दोन बिंदूंमधला भाग दोषी. टेकवताना एकदा "टक" होईल, ते चालेल. मायनस व्होल्टेज असलेल्या बिंदूवर कपॅसिटर उलटा करा.

तिथे तीन गोष्टी असू शकतात: जुना ट्रान्झिस्टर किंवा ऑपअँप (ॲम्प्लिफायरची चिप), कनेक्टरच्या काळ्या पडलेल्या पिना, आणि तो डिंक. ट्रान्झिस्टरवर कूलिंग स्प्रेचा एक फवारा मारा, क्षणात गप्प झाला आणि तापल्यावर परत बोलला तर तोच. पिना असतील तर कनेक्टर दोन-चार वेळा काढून-घालून आवाज बदलतो.

---

सातपूर_बेंच

दहा मिनिटांनी, म्हणजे तापल्यावर सुरू होते. मी आधी डिंक बघेन. मोठे कपॅसिटर काढले तेव्हा त्यांच्या बुडाचा डिंक निघाला असेल, पण तो पसरतो कुठवर बघा: शेजारच्या रेझिस्टरखाली, जम्परच्या तारेवर, ट्रान्झिस्टरच्या पायांमध्ये. मीटर २० मेगाओहम रेंजवर ठेवा आणि दोन्ही प्रोब नुसत्या डिंकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावर टोचा. चांगला डिंक काहीच दाखवत नाही. आकडा आला, मग तो १५ मेगा का असेना, तर तो वीज वाहतोय. त्या डिंकावरचे रेझिस्टर आणि जम्पर सोडवा, खालची जागा आणि त्यांचे पाय साफ करा, हिरवा पडलेला पाय असेल तर तो भागच बदला. आयसोप्रोपिल पूर्ण उडू द्या, अर्धा तास तरी, आणि मग झाकण लावून दोन तास सलग चालू ठेवा. झाकण उघडं ठेवून तपासलं तर मशीन पुरेसं तापत नाही आणि तडतड गेल्यासारखी वाटते.